डोक्याला मार लागला आणि कोणी म्हणालं "ऑक्सिजन चेंबरमध्ये बसवा": आधी हे वाचा, मग पैसे भरा

मागच्या पावसाळ्यात माझा भाचा स्कूटीवरून पडला. नागपूरचा हिंगणा रोड, रात्रीचे साडेनऊ, समोर कुत्रं आलं, ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि डोकं डिव्हायडरला. हेल्मेट फुटलं, डोकं वाचलं. पुढची दहा मिनिटं तो काय बोलत होता ते त्याला आजही आठवत नाही. सीटी स्कॅन केला, नॉर्मल आला, डॉक्टर म्हणाले कन्कशन आहे, म्हणजे झटक्यानं मेंदूचं काम काही दिवस बिघडणं, घरी न्या, आराम करू द्या. आणि मग तीन आठवडे झाले तरी पोराचं डोकं दुखूनच राहिलं, ट्यूबलाइट सहन होईना, कॉलेजात फळ्याकडून वहीकडे पाहिलं की गरगरायचं. अशा वेळी घरोघरी होतं तेच आमच्याकडे झालं, येणाऱ्या प्रत्येकाकडे एक इलाज. जावयांच्या ऑफिसातल्या कोणी तरी सांगितलं की ऑक्सिजनचा चेंबर असतो, हायपरबेरिक म्हणतात, चाळीस सिटिंग केल्या की डोकं एकदम क्लिअर. हे ऐकल्याबरोबर सगळे माझ्याकडे वळले, कारण घरात त्या चेंबरची एक्स्पर्ट मी.

एक्स्पर्ट म्हणजे काय, तर दोन वर्षांआधी सासऱ्यांच्या पायाची शुगरची जखम भरत नव्हती, बोट काढावं लागेल अशी गोष्ट चालू होती, तेव्हा त्यांच्या तीस सिटिंग झाल्या आणि तीसही दिवस मी बाहेर स्टुलावर बसून होती. बाबांचं बोट वाचलं. ड्रेसिंग, अँटिबायोटिक, शुगर आटोक्यात आणणं आणि चेंबर, ह्यातलं कशानं किती झालं ते मी सांगू शकत नाही, पण मशीनवर माझा काही राग नाही हे आधीच सांगून ठेवते. तरीही भाच्याला मी नेलं नाही. का नाही नेलं, आणि तुम्हाला न्यायचंच असेल तर कसं न्यायचं, ते क्रमानं लिहिते. मी डॉक्टर नाही, तुमच्या पेशंटला तपासणारा डॉक्टर जे सांगेल ते ह्याच्या वर.

पायरी १ : घाई कशाची आहे ते ओळखा

चेंबर-बिंबर सगळं नंतर. पहिले एक-दोन दिवस फक्त एवढंच पाहायचं की डोक्याच्या आत रक्त तर साचत नाही ना. पुन्हा पुन्हा उलटी होणं, डोकेदुखी कमी व्हायच्या जागी वाढत जाणं, फिट येणं, बोलताना जीभ अडखळणं, एका बाजूच्या हातापायात ताकद कमी वाटणं, डोळ्याची एक बाहुली मोठी आणि एक लहान दिसणं, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं वाहणं, हलवूनही नीट जागं न होणं. ह्यातलं एक जरी दिसलं तर फोनवर शोधत बसू नका, १०८ लावा आणि मेडिकल कॉलेजचं ट्रॉमा सेंटर असो की एम्स असो की कोपऱ्यावरचं मोठं हॉस्पिटल, जे जवळ असेल तिथे पोचा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेला माणूस किंवा म्हातारं माणूस पडलं तर काहीच लक्षण नसलं तरी दाखवून घ्या, त्यांच्यात रक्त हळूहळू साचू शकतं.

"झोपू देऊ नका, कोमात जाईल" हे आमच्याकडे पण रात्रभर चाललं. एकदा डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं की झोपू द्यायचं, मेंदूला झोपच पाहिजे असते.

आणि सीटी नॉर्मल म्हणजे पोरगा नाटक करून राहिला असं नाही. माझी आईच म्हणे, "रिपोर्ट नार्मल हाये तं मंग हा काहून लोळून राह्यला दिवसभर?" सीटीत रक्त दिसतं, फ्रॅक्चर दिसतं, सूज दिसते. कन्कशनमध्ये बिघाड होतो तो पेशींच्या कामात. झटक्यानं पेशींमधलं पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं, ते सगळं जागेवर आणायला पेशी जास्तीची एनर्जी मागतात आणि नेमकं तेव्हाच रक्तपुरवठा थोडा कमी पडतो. मागणी जास्त आणि पुरवठा कमी, आपल्याकडे मे महिन्यात लाइटीचं होतं ना, तसं. फोटोत हे येत नाही. चेंबरवाले इथूनच सुरुवात करतात की पुरवठा कमी आहे ना, मग भरपूर ऑक्सिजन देऊ. ऐकायला एकदम पटतं, मलाही पटलं होतं.

पायरी २ : ज्याला पैसे लागत नाहीत ते आधी करा

पूर्वी सांगायचे अंधाऱ्या खोलीत पंधरा दिवस पडून राहा. ते आता मागे पडलं. खेळातल्या कन्कशनवर जगभरचे डॉक्टर दर काही वर्षांनी बसून ठरवतात, २०२२ मध्ये अशी बैठक ॲमस्टरडॅमला झाली आणि त्यांचं म्हणणं २०२३ मध्ये छापून आलं: पहिले २४ ते ४८ तास बेताचा आराम, तेव्हा मोबाईल-टीव्ही कमी, आणि मग लगेच हलकं चालणं सुरू. बेताचा आराम म्हणजे घरातल्या घरात फिरणं, जेवणं, गप्पा चालतील, पलंगाला चिकटून राहायचं नाही.

चालताना किती चालायचं ह्याचा एक सोपा हिशोब आहे. त्रासाला ० ते १० मधला आकडा द्यायचा. चालायच्या आधी डोकेदुखी ३ असेल आणि चालताना ४ झाली तर चालेल, ५ च्या पुढे जायला लागली तर थांबायचं, दुसऱ्या दिवशी थोडं कमी करून परत. म्हणजे दोनपेक्षा जास्त वाढू द्यायचं नाही. ह्यामागे अभ्यास आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या १०३ टीनएजर खेळाडूंवर करून पाहिलं, अर्ध्यांना हलका एरोबिक व्यायाम दिला आणि अर्ध्यांना नुसतं स्ट्रेचिंग, तर व्यायामवाले साधारण १३ दिवसांत बरे झाले आणि स्ट्रेचिंगवाले १७ दिवसांत. चार दिवसांचा फरक म्हणजे काही चमत्कार नाही, पण फुकट आहे आणि खरा आहे.

आमच्या पोराला मी पहाटे फुटाळा तलावावर नेत होती, कारण संध्याकाळी तिथे हॉर्न, लाइट आणि गर्दी असते, ज्याचं डोकं आधीच भणभणतंय त्याच्यासाठी ती जागाच नाही. पहिल्या दिवशी आठ मिनिटांत परत फिरलो.

बहुतेक मोठी माणसं दोन आठवड्यांच्या आसपास बरी होतात, लहान मुलांना महिनाभर लागू शकतो. म्हणून पहिल्या महिन्यात कोणी काहीही विकलं तरी ते "लागू पडतं", काढा, ऑक्सिजन, गंडा, सगळंच, कारण माणूस तसाही बरा होतच असतो.

दोन गोष्टी मात्र कडक पाळा. पूर्ण बरं होईपर्यंत गाडी चालवायची नाही, क्रिकेट-फुटबॉल नाही, कारण पहिला मार भरला नसताना दुसरा लागला तर ते फार वाईट. आणि डोकेदुखीच्या गोळ्या रोज फोडायच्या नाहीत. महिन्यातले पंधरा दिवस किंवा जास्त साधी पेनकिलर घेत राहिलं, आणि मिक्स गोळी असेल तर दहाच दिवस, तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं आणि लोक म्हणतात कन्कशन अजून गेलं नाही.

पायरी ३ : चेंबर म्हणजे नेमकं काय ते समजून घ्या

कोविडमध्ये बोटाला ते चिमट्यासारखं ऑक्सिमीटर लावायला आपण सगळेच शिकलो. ९८ आलं की जीवात जीव. तो आकडा सांगतो की रक्तातलं हिमोग्लोबिन किती टक्के ऑक्सिजननं भरलंय. आता ९८ भरलेलं असेल तर आणखी ऑक्सिजन देऊन भरणार कुठे? तर तो रक्ताच्या पाण्यात, म्हणजे प्लाझ्मात विरघळतो. साध्या हवेत असताना १०० मिली रक्तात असा विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम ०.३ मिली असतो. तीन पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतला तर तो ६ मिलीच्या आसपास जातो. सोड्याच्या बाटलीत दाबानं गॅस विरघळवतात तीच गोष्ट. म्हणून ह्या उपचारात दाब आणि ऑक्सिजन दोन्ही पाहिजे, एकट्यानं होत नाही.

दाब मोजतात एटीए मध्ये. आपण जमिनीवर १ एटीए मध्ये बसलोय, समुद्रात १० मीटर खाली गेलं की २. मूळ हा सगळा प्रकार समुद्रात उतरणाऱ्या डायव्हर लोकांसाठी, खोलातून घाईनं वर आलं की रक्तात बुडबुडे होतात त्यावरचा. अंडरसी अँड हायपरबेरिक मेडिकल सोसायटी नावाची अमेरिकेतली संस्था कुठल्या आजाराला हा उपचार मान्य ते ठरवते. त्यांच्या यादीत डायव्हरचा आजार आहे, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा आहे (बंद बाथरूममधला गॅस गीझर आठवा), गॅस गँगरीन, न भरणाऱ्या काही जखमा, रेडिएशननंतर खराब झालेले टिश्यू, अचानक गेलेलं ऐकू येणं, असं बरंच. कन्कशन त्या यादीत नाही. बाबांची जखम ज्या यादीत बसली त्या यादीत भाच्याचं डोकं बसत नव्हतं, माझा निम्मा निर्णय इथेच झाला.

चेंबर दोन जातीचे. एकात एकटा माणूस झोपतो, काचेसारखी पारदर्शक ॲक्रिलिकची नळी, आणि बहुतेक वेळा ती पूर्ण नळीच ऑक्सिजननं भरतात. दुसऱ्यात खोलीसारख्या लोखंडी टाकीत चार-सहा जण बसतात, टाकीत साधी हवा दाबून भरतात आणि ऑक्सिजन मास्कनं किंवा डोक्यावरच्या टोपातून मिळतो. बाबांचा पहिला प्रकार होता. पहिल्या दिवशी आत सरकवताना म्हणाले, "सूनबाई, हे तं फ्रीजच वाटून राह्यलं." दार बंद झाल्यावर दाब चढताना हिस्स आवाज येतो, आत थोडं गरम होतं, दाब उतरताना गार.

आणि तिसरी जात म्हणजे चेन लावायची फुगणारी बॅग, सॉफ्ट चेंबर. वेलनेसवाले हीच जास्त विकतात, दाब १.३ एटीए. ह्याचं गणित घरी करून पाहा. हवेत ऑक्सिजन २१ टक्के. २१ गुणिले १.३ म्हणजे २७.३. त्या बॅगेत साधी हवा घेत तास काढला तर नाकाच्या नळीनं मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन घेण्याइतकंच होतं. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं-मशीनना मान्यता देणाऱ्या सरकारी खात्यानं, असली बॅग उंच डोंगरावर होणाऱ्या त्रासासाठी मान्य केली आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर आहे, इथे कोणाला डोंगराचा त्रास होत नाही.

पायरी ४ : कन्कशनवर काय निघालं ते वाचा

इराक-अफगाणिस्तानातून आलेल्या अमेरिकन सैनिकांमध्ये स्फोटाच्या धक्क्यानं कन्कशन झालेले खूप होते, म्हणून तिथल्या मिलिटरीनं ह्यावर नीट पैसे लावून ट्रायल केल्या. २०१२ मध्ये ५० सैनिकांची ट्रायल छापून आली: अर्ध्यांना २.४ एटीए ला ऑक्सिजन, अर्ध्यांना त्याच चेंबरमध्ये १.३ ला साधी हवा, म्हणजे खोटी सिटिंग. कान दोघांचेही दडपतात त्यामुळे आपल्याला काय मिळतंय ते कळत नाही. तीस सिटिंगनंतर दोन्ही गट सुधारले, सारखेच. २०१५ मध्ये ७२ जणांची आली, त्यात तीन गट: १.५ एटीए ला ऑक्सिजन, १.२ ला हवा, आणि तिसऱ्याला चेंबरच नाही, नेहमीचा उपचार. चेंबरमध्ये गेलेले दोन्ही गट तिसऱ्यापेक्षा जास्त सुधारले, पण खरा ऑक्सिजन आणि खोटी हवा ह्यात फरक नाही. २०१८ मध्ये ७१ जणांची आली, चाळीस सिटिंग, त्यात ऑक्सिजनवाले तेरा आठवड्यांना थोडे बरे दिसले पण सहा महिन्यांनी आणि एका वर्षानं तो फरक टिकला नाही.

दुसरी बाजू पण सांगते, नाही तर म्हणाल एकतर्फी लिहिलं. इस्रायलमध्ये शाई एफ्राती ह्यांच्या टीमनं २०१३ मध्ये ५६ जणांचा अभ्यास छापला, मार लागून एक ते पाच वर्षं झालेले पेशंट, १.५ एटीए, चाळीस सिटिंग, आणि त्यांच्या स्मरणशक्ती-लक्ष ह्या टेस्ट सुधारल्या, मेंदूच्या स्कॅनमध्येही फरक दिसला. पण त्यात खोटी सिटिंग नव्हती, तुलना काहीच न मिळालेल्या लोकांशी. अमेरिकेत पॉल हार्च नावाचे डॉक्टर वर्षानुवर्षं सांगतात की १.२-१.३ ची हवा पण औषधच आहे, म्हणून ट्रायलमध्ये दोन्ही गट सुधारले, तिला खोटी म्हणणंच चूक. असेलही. पण मग १.२ ला हवा म्हणजे २५ टक्के ऑक्सिजन, त्यासाठी हजारो रुपयांचं पॅकेज काहून घ्यायचं हा प्रश्न उलट जास्तच पक्का होतो.

मला वाटतं ते असं, आणि हे माझं मत आहे. बाबांच्या तीस दिवसांत मी पाहिलं की चेंबरमध्ये गेलेला माणूस रोज ठरलेल्या वेळी उठतो, आंघोळ करतो, घराबाहेर पडतो, तिथली सिस्टर नावानं हाक मारते, "कसं आहे आज" विचारते, मग एक तास फोन नाही, टीव्ही नाही, नातेवाईक नाही, निवांत पडून. कन्कशनच्या पेशंटला हेच तर पाहिजे असतं! त्याच्यात "एवढी मोठी मशीन लावली म्हणजे आता बरं होणारच" ही आशा मिळवा. ह्याला खोटं म्हणू नका, ते सैनिक खरंच सुधारले. फक्त ऑक्सिजनमुळे सुधारले असं दिसलं नाही.

अमेरिकेच्या मिलिटरी आणि माजी सैनिकांच्या खात्यानं २०२१ च्या गाइडलाइनमध्ये स्पष्ट लिहिलं की सौम्य डोक्याच्या मारानंतरच्या त्रासाला हायपरबेरिक देऊ नका. ज्यांनी ट्रायलचा खर्च केला तेच हे सांगतात. आयसीयूमध्ये असलेल्या गंभीर डोक्याच्या माराचा विषय वेगळा, त्यावर वेगळे अभ्यास आहेत, इथे गल्लत करू नका.

पायरी ५ : महिना झाला तरी त्रास आहे? मग "कन्कशन"चे तुकडे करा

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि हीच लोक गाळतात. महिन्यानंतरही त्रास राहिला तर तो एकच आजार नसतो, चार-पाच वेगळ्या गोष्टी एका नावाखाली बसलेल्या असतात, आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा.

एक जुनी वही घ्या. पान उभं आखा: डोकेदुखी, गरगर, मळमळ, लाइट, आवाज, झोप, लक्ष, चिडचिड. रोज रात्री ० ते ४ आकडा टाका, शेजारी कधी वाढलं ते लिहा. भाच्याच्या वहीत दहा दिवसांनी जे दिसलं ते कुठल्याच स्कॅनमध्ये दिसलं नसतं. "गरगर ३, सकाळी डाव्या कुशीवर वळलो तेव्हा." "गरगर ३, वरच्या कपाटातून डबा काढताना." "गरगर ०, दिवसभर बसून." पेनानं घाणेरड्या अक्षरात, पण दहाही दिवस तेच. कुशीवर वळलं किंवा मान वर केली की अर्धा मिनिट खोली फिरते, मग थांबते.

ती वही घेऊन धंतोलीत एका ईएनटीकडे गेलो. त्यांनी पोराला टेबलावर बसवलं, मान एका बाजूला वळवून झटकन मागे झोपवलं, डोळे पाहिले, डोळे आपोआप झटके मारत होते. कानाच्या आत तोल सांभाळायच्या जागी बारीक खडे असतात, माराने ते सुटून चुकीच्या नळीत जातात, त्याला बीपीपीव्ही म्हणतात. मग डोकं ठरलेल्या क्रमानं फिरवत फिरवत खडे परत जागेवर आणले, एपली मनूव्हर. दहा मिनिटं. दोन वेळा करावं लागलं. ऑक्सिजनच्या चाळीस सिटिंगनं हे खडे जागचे हलले नसते!

उरलेल्या डोकेदुखीत निम्मी मानेची निघाली, मानेलाही तोच झटका बसलेला असतो ना, त्याला फिजिओ. वाचताना अक्षरं दोन दिसतात का, दोन्ही डोळे जवळ नीट येतात का ते डोळ्यांच्या डॉक्टरला विचारा. आधीपासून मायग्रेन असेल तर माराने ते उठतं, त्याचं औषध न्यूरोलॉजिस्ट देतो. झोप बिघडली असेल तर आधी झोप. आणि भीती, रडू, गाडीचा आवाज आला की छाती धडधडणं, हे असेल तर सायकियाट्रिस्टकडे जायला लाजू नका, वेडाचा डॉक्टर म्हणून घरातले कुजबुजतील, कुजबुजू द्या.

पायरी ६ : तरीही चेंबर करायचाच असेल तर आधी हे विचारा

काही लोक सगळं करून थकलेले असतात, वर्ष झालं, नोकरी गेली, त्यांना मी "करू नका" सांगणारी कोण. पण पैसे भरायच्या आधी समोर बसून विचारा. दाब किती एटीए? चेंबर कडक की बॅग? ऑक्सिजन शंभर टक्के की मशीननं ओढलेली हवा? हायपरबेरिकचं ट्रेनिंग घेतलेला डॉक्टर सिटिंगच्या वेळी तिथे असतो की फक्त बोर्डावर नाव? आत फिट आली तर कोण काय करतं? किती सिटिंगनंतर मोजणार, कशानं मोजणार, आणि फरक नसेल तर थांबणार का? माझ्या मते पंधरा-वीसला वही उघडून पाहायची, आकडे हलले नसतील तर बस.

मी भाच्यासाठी एका ठिकाणी नुसती चौकशीला गेली होती, नाव घेत नाही. मी दाब विचारला तर समोरचा म्हणाला, "मॅडम, दाब पेशंटच्या सोयीनं ठेवतो." भिंतीवरच्या बोर्डावर ऑटिझम, केस गळणे, वय कमी करणे, लकवा, कन्कशन, सगळं एका खाली एक. चाळीसचं पॅकेज आज भरलं तर पाच फ्री. एफडीएनं २०१३ मध्येच लोकांना सावध केलं होतं की ऑटिझम, कॅन्सर वगैरेसाठी ह्या उपचाराला मान्यता नाही. असा लांबलचक बोर्ड दिसला की चप्पल घालायची आणि निघायचं.

पैशाचा हिशोब नुसत्या सिटिंगचा करू नका. चाळीस सिटिंग म्हणजे आठवड्याला पाच धरले तरी आठ आठवडे. हिंगण्याहून रामदासपेठेत रोज येणं-जाणं, ट्रॅफिक, हॉर्न, ऊन, ऑटोचे हिसके, ज्याला लाइट-आवाज सहन होत नाही त्याच्यासाठी हाच मोठा त्रास. सोबत येणाऱ्याची सुट्टी वेगळी. इन्शुरन्स देईल का ते आधी टीपीएकडून (इन्शुरन्सचे क्लेम पाहणारी कंपनी) लेखी घ्या, सेंटरवाल्याच्या "होऊन जाते जी" वर जाऊ नका.

कोणी जाऊच नये ते पण सांगते. फुफ्फुस फुटून छातीत हवा साचलेली असेल, न्यूमोथोरॅक्स, आणि त्याचा इलाज झालेला नसेल तर बिलकुल नाही, अपघातात छातीला मार असेल तर आधी एक्स-रे. दमा, जुना फुफ्फुसाचा आजार, फिटचा इतिहास, कानाचं ऑपरेशन, प्रेग्नन्सी, पूर्वी घेतलेली कॅन्सरची औषधं, सगळं स्वतःहून सांगायचं. सर्दीनं नाक बंद असेल त्या दिवशी सुट्टी.

पायरी ७ : सिटिंगच्या दिवशी

आग हा इथला खरा धोका आहे. साध्या हवेत विझणारी ठिणगी ऑक्सिजनमध्ये भडकते. १९९७ मध्ये इटलीत मिलानच्या एका हॉस्पिटलात चेंबरमध्ये आग लागून ११ माणसं गेली, कारण एकीनं हात गरम ठेवायचं छोटं उपकरण आत नेलं होतं. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये ५ वर्षांचं पोरगं अशाच नळीत जळून गेलं.

म्हणून तिथे कपडे तेच देतात, शंभर टक्के सुती. नायलॉन नाही, सिंथेटिक साडी नाही. डोक्याला तेल नाही (आपल्याकडची म्हातारी माणसं इथेच भांडतात), बाम नाही, व्हॅसलीन, अत्तर, नेलपॉलिश नाही. मोबाईल, घड्याळ, कानाचं मशीन, दागिने बाहेर. बाबांच्या खिशातून दुसऱ्या दिवशी सिस्टरनं खर्र्याची पन्नी आणि लायटर काढला, त्यांना आठवणही नव्हती, आणि त्या दिवसापासून दाराशी मी स्वतः खिसे उलटे करून पाहायची. अंगावरच्या स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून मनगटाला ग्राउंडिंगचा पट्टा लावतात, तो का लावला नाही हे विचारायचा हक्क तुमचा आहे. जिथे "असू द्या, काही होत नाही" म्हणतात तिथून पेशंट घेऊन परत या.

शुगरचा पेशंट असेल तर आधी शुगर तपासा, चेंबरमध्ये ती खाली येते. उपाशी पाठवू नका, पण आत जाण्याआधी सोडा-बिडा प्यायचा नाही.

दाब चढताना कानाला दडे बसतात, विमानात बसतात तसे पण जास्त. आवंढा गिळा, जांभई द्या, नाक दाबून तोंड बंद ठेवून हळूच हवा लोटा. दुखायला लागलं तर लाजायचं नाही, लगेच हात वर, ऑपरेटर दाब थांबवतो. "सहन करतो थोडं" म्हणून पडदा फाटतो. आत घाबरल्यासारखं झालं तरी सांगा, पण एक लक्षात ठेवा, दार लगेच उघडत नाही, दाब उतरायला काही मिनिटं लागतातच. मध्ये पाच-पाच मिनिटं साधी हवा देतात, त्याला एअर ब्रेक म्हणतात. जास्त दाबाच्या ऑक्सिजननं क्वचित फिट येऊ शकते, ती टाळायला हा ब्रेक असतो, तो गाळला जात नाही ना ते पाहा.

पायरी ८ : सिटिंग संपत आल्या की

वीस-पंचवीस सिटिंगनंतर लांबचं धूसर दिसायला लागतं आणि वाचायचं उलट बरं दिसतं, डोळ्यातल्या भिंगावर परिणाम होतो म्हणून. बाबा खुश, म्हणे चष्म्याशिवाय पेपर वाचून राह्यलो. लगेच सीताबर्डीला जाऊन नवीन नंबरचा चष्मा करून आणला, प्रोग्रेसिव्ह, महागातला. अडीच महिन्यांनी नजर जशी होती तशी झाली आणि तो चष्मा आता टीव्हीच्या ड्रॉवरमध्ये आहे. चेंबर केला तर तीन महिने चष्म्याच्या दुकानात जाऊ नका.